न हलणारी पोरगी

बावीस वर्षं मी गोंदियात एमआरआयचं मशीन चालवलं. लोकांना वाटतं, हा माणूस डोक्याचे फोटो काढायचा. फोटो काय, ते मशीन काढतं. मी आयुष्यभर लोकांच्या अंगावरचं लोखंड काढलं.

एमआरआय म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक आणि त्याच्या मधोमध माणूस जाईल एवढा बोगदा. हे चुंबक कायम चालू असतं. दिवसा, रात्री, दिवाळीत, लाईट गेली तरी. आमच्या सेठजींची मूळची राइस मिल. मशीन आलं तेव्हा त्यांना हे सांगितलं, तर डोळे मोठे करून म्हणाले, "रात को भी? किसके लिए?" आता काय सांगणार! तर अशा खोलीत लोखंडाची वस्तू गेली की ती उडून चुंबकाला चिकटते, आणि वाटेत कोणाचं डोकं आलं तर डोकं फुटतं. म्हणून मी दारात उभा राहून प्रत्येकाला विचारायचो, "अंगावर लोखंड आहे का?" प्रत्येक जण नाही म्हणायचा. मग मी झडती घ्यायचो.

एका विडी वळणाऱ्या बाईच्या कमरेला पानं कापायची कैची निघाली. "बाई, हे काय?" तर म्हणते, "हे लोखंड कुठं होय भाऊ, हे तर माही कैची होय." एकदा हळद लागलेला नवरदेव आला. मांडवात पाय घसरून डोक्यावर आपटला होता. हातात कट्यार, टोकाला लिंबू. कट्यार सोडायला तयार नाही, का तर हळदीच्या अंगाला बाहेरची बाधा होते. शेवटी त्याच्या मामानं कट्यार दाराबाहेर धरून उभं राहायचं आणि नवरदेवानं निमूट आत जायचं असं ठरलं. बेटा आत गेला, पण मामानं कट्यार खाली तर ठेवली नाही ना हे बघायला दर दोन मिनिटाला मान वळवत राहिला. सगळे फोटो वाया. आणखी एक गृहस्थ भाव करायला बसले. "दुखते अर्धंच डोस्कं, तर पूर्ण कायले काढता? अर्ध्याचाच काढा ना."

हे मशीन पेशंटकडून एकच गोष्ट मागतं. डोकं प्लास्टिकच्या पिंजऱ्यात अडकवून पंचवीस मिनिटं पडून राहायचं आणि काहीच करायचं नाही. मशीन ठोकाठोकी करतं, खडखडतं, किंचाळतं. तरी हलायचं नाही. हललं की फोटो पुसट. माणसाला जगात सगळ्यात कठीण काय असेल तर काही न करणं. त्यात माझा स्वभाव तापट. बायको म्हणायची, मशीन थंड राहावं म्हणून त्यात हेलियम भरतात, तुमच्यात भरायला कंपनी विसरली. या तापटपणापायी मी एकदा जे बोलून गेलो, त्याची ही गोष्ट.

फागूजी म्हणजे इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावचे शेतकरी. वय सत्तरीच्या पुढे, धोतर, डोक्याला दुपट्टा, आवाज खणखणीत. त्यांच्या वाडवडलांनी गावचं तळं खोदलं होतं आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यापासून चौथ्या वाक्यात सांगत. पहिल्यांदा आले तेव्हा सोबत सून सरिता आणि नात टिकेश्वरी, घरची टिकू. मुलीचा बाप रायपूरला कामाला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, लोखंड? "नाही. खिशात सुपारी आहे फक्त." मी म्हटलं, चला. दारातून आत पाय टाकला आणि फागूजींच्या बंडीच्या खिशातून अडकित्ता निघाला, पाखरासारखा उडाला आणि मशीनला जाऊन बसला. नशीब, पोरगी अजून बाहेरच होती. मी दोन्ही पाय रोवून तो ओढून काढला, घामानं निथळलो. फागूजींनी तो हातात घेतला, अंगठ्यानं पाहिला आणि विचारलं, "धार नाही ना गेली, साहेब?"

टिकू तेव्हा आठ वर्षांची. चालताना झोकांड्या जायच्या, बोलणं संथ, शाळेत एकाच वर्गात दोन वर्षं, मधूनमधून झटके. आणि डोकं वयाच्या मानानं मोठं. आमचा डोक्याचा पिंजरा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. मुलांचं डोकं त्यात हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना स्पंजचे तुकडे कोंबावे लागतात. टिकूला एकही लागला नाही, डोकं गच्च बसलं. पोर लहान म्हणून भुलीच्या डॉक्टरांनी तिला सुई देऊन झोपवलं होतं. फोटो छान निघाले. पण शेवटी शेवटी तिचा श्वास मंदावला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी लगेच सावरलं, दोन मिनिटांची गोष्ट. पण ती दोन मिनिटं सरितानं काचेतून पाहिली. बाहेर आल्यावर तिनं पोरीला उराशी धरलं आणि सगळ्यांना सुनावलं, "माह्या पोरीले पुन्हा झोपेची सुई नाही. झोपवाचं असन तं मी मेल्यावर झोपवजा."

नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, लघवीची खास तपासणी करवली आणि आजाराचं नाव निघालं. एल-टू-हायड्रॉक्सिग्लुटॅरिक ॲसिड्युरिया. आमच्या कॉम्प्युटरात आजाराच्या रकान्यात एवढी अक्षरं मावेनात. काउंटरवरच्या ताईंनी "एल-टू वगैरे" लिहून मोकळं केलं, आणि आमच्या सेंटरच्या कागदांवर तो आजार शेवटपर्यंत "एल-टू वगैरे"च राहिला.

मी डॉक्टर नाही, पण बावीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी बसलो आहे, म्हणून साध्या भाषेत सांगतो. शरीराच्या कारभारात एक आम्ल उगाच तयार होतं. तुमच्या-माझ्या शरीरात ते साफ करणारा झाडूवाला असतो. या मुलांत तो झाडूवाला जन्मतःच कामावर नसतो. आम्ल साचतं, मेंदूला बाधतं. हे आईबापांकडून येतं, पण आईबाप ठणठणीत असतात. फागूजींना हे पटेना. मी त्यांच्याच तळ्याचं उदाहरण दिलं. म्हटलं, तळ्याला दोन सांडवे आहेत असं समजा. एक बंद पडला तरी दुसऱ्यातून पाणी जातं, कोणाला पत्ता लागत नाही. तुमच्या मुलाचा एक बंद, सुनेचा एक बंद. पोरीच्या वाट्याला नेमके दोन्ही बंद आले. फागूजींना ते पटलं. सरिता त्यांच्या बायकोच्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्याकडे मामाची पोरगी करणं चांगलं मानतात, घरातलं घरात राहतं. "घरातलं घरात राहते म्हनून केली," ते म्हणाले, "तं हे बी घरातच राहिलं."

मात्र आम्ल म्हटल्यावर त्यांनी उपाय स्वतःच शोधला. घरात चिंच बंद, ताक बंद, अंबाडीची भाजी बंद. मी विचारलं, पोरीला फरक पडला का? म्हणाले, "तिले नाही पडला. माह्या जेवनाले पडला."

या आजाराचं खरं भय पुढे आहे. या मुलांच्या मेंदूत गाठ होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा बराच जास्त असतो. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होते त्यांना ती आधी काही कळवत नाही. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तक्रार असो नसो, वर्षाला एक एमआरआय. गाठ लहान असताना सापडली तर काढता येते. मोठी झाल्यावर सापडली तर डॉक्टर मान खाली घालून बोलतात. आणखी एक सांगितलं होतं, धाकट्या बहिणीलाही तपासा. धाकटी भूमेश्वरी, म्हणजे भूमी, टिकूपेक्षा दोन वर्षांनी लहान. फागूजींनी ते उडवून लावलं. भूमी सायकल चालवते, धडा घडाघडा वाचते, तिले काय झालं? कधीमधी धडपडते, तर पोरं धडपडतातच.

पुढच्या वर्षी टिकू आली. झोपेची सुई नाही म्हणजे नाही. मी पोरीला लाडीगोडी लावली, दटावलं, आईला खोलीत पायाशी उभं केलं. मशीननं पहिला ठोका दिला की टिकू किंचाळून उठायची. तीनदा आत घातली, तीनदा बाहेर. दोन तास गेले, बाहेर पेशंट ताटकळलेले, सेठजी काचेवर टकटक करतायत, "मशीन खाली क्यों है?" माझं डोकं सटकलं. मी फागूजींवर ओरडलो, "पुढच्या खेपेला न हलणारी पोरगी घेऊन या! तरच फोटो निघेल, नाहीतर येऊच नका!"

ते शांतपणे म्हणाले, "बरं." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. फागूजी इतक्या सहज कशालाच बरं म्हणत नसत.

वर्षभरानं ते आले. या वेळी सरिता सोबत नव्हती. मी नाव पुकारलं, "टिकेश्वरी!" पोरगी म्हणाली, "हो." चालत आली, टेबलावर चढली, झोपली. डोळे मिटले आणि पंचवीस मिनिटं पापणीसुद्धा हलवली नाही. मी खूश! मनात म्हटलं, बघा, माझ्या एका ओरडण्यानं पोरगी सुधारली. पिंजऱ्यात डोकं जरा सैल बसलं, म्हणून दोन स्पंज कोंबले. वाटलं, आजारानं पोरगी वाळली. लोक म्हणतील, चेहरा ओळखला नाहीत? वर्षाला हजारो माणसं येतात. आमच्या धंद्यात चेहऱ्याकडे कोण बघतो? तरी चेहरा मला ओळखीचाच वाटला. आठ वर्षांची टिकू अशीच दिसायची. पण टिकू आता दहाची होती हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

फोटो नागपूरला गेले, अहवाल आला. मेंदूतला बिघाड त्याच जातीचा, पण पूर्वीपेक्षा चक्क कमी. मात्र उजव्या बाजूला एक नवा ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. गाठच. लहान आहे, वेळ न घालवता काढा. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, सरकारी योजनेचा कागद टिकूच्या नावानं मंजूर झाला. गावात इकडे भांडण जुंपलं. आजार कमी झाला तो अंबाडी सोडल्यानं की सरिताच्या नवसानं, यावर दोन तट पडले. मलाही अभिमान वाटत होता, कशाचा ते विचारू नका.

त्याच सुमारास पोलिसांनी हेल्मेटची मोहीम काढली. मी कुडव्याला राहतो, रोज दुचाकीवर जाणं-येणं. घराजवळच्या दुकानात हेल्मेट घ्यायला गेलो. आवडलं ते सैल होत होतं. मी म्हटलं, वापरून वापरून बसेल. दुकानदार हसला, "अंकल, हेल्मेट ढीला होता है, सर छोटा नहीं होता. स्पंज डलवा लो."

मी हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभा राहिलो. सर छोटा नहीं होता. माणूस वाळतो, गाल बसतात, पण कवटी? ज्या डोक्याला दोन वर्षांपूर्वी एक स्पंज शिरत नव्हता, त्याला मी दोन कोंबले होते. मी तसाच सेंटरवर गेलो आणि दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी लावले. नाकामागच्या पोकळ्यांची ठेवण वेगळी, कवटीचा घेर वेगळा. हे एका पोरीचं डोकं नव्हतं. टिकूच्या ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी त्यांचं गाव गाठलं. अंगणात एक पोरगी सायकल चालवत होती आणि दुसरी भिंतीला धरून तिच्यामागून चालत होती. फागूजी खाटेवर बसून सुपारी कातरत होते. मी रामराम करायचंही विसरलो.

"फागूजी, मागच्या महिन्यात फोटोला कोणती पोरगी आणली होती?"

"भूमी," ते म्हणाले.

"आणि टिकू?"

"ते घरी होती. तिले कायले आनू? ते तं हालते."

"अहो, पण आजारी टिकू आहे ना!"

"मंग? तुमीच म्हनले, न हालनारी पोरगी आना. आनली. हालली का ते? एक डाव तरी हालली का?"

"नाही हलली."

"मंग काऊन बोंबलून राहिले?"

मी कपाळावर हात मारला. त्यांना राग नव्हता, माझी कीव येत होती. त्यांनी मला समजावून सांगितलं. तळ्याची पाळ, म्हणजे बांध, फुटली की गावात दवंडी होते, घरटी एक माणूस. घरातला एक माणूस मातीची पाटी उचलायला हजर पाहिजे. कोण आला हे कोणी विचारत नाही. त्यांच्या बापाची पाठ दुखायची तेव्हा बापाच्या नावावर हे जायचे, हजेरी बापाची लागायची, आणि पाळ काय कधी म्हणाली नाही की माती दुसऱ्याच्या हातची आहे. "डाक्टरनं टिकूचा फोटो मागतला. टिकूच्यानं होत नाही. बहिनीनं तिची पाळी भरली. यात चुकलं काय, सांगा."

मी भूमीला जवळ बोलावलं. "बेटा, मी टिकेश्वरी म्हणून हाक मारली तेव्हा हो कशाला म्हणालीस?"

"टिकूले तिथं डर लागते," ती म्हणाली. "मले नाही लागत. मनून मी गेलो."

आमच्याकडच्या बायका-पोरी असंच बोलतात, गेलो, आलो. तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की माझा राग कुठल्या कुठे गेला. आणि मग लक्षात आलं की खरी गोष्ट तर अजून सांगायचीच आहे. सरिता चहा घेऊन आली होती. फोटोच्या दिवशी ती माहेरी होती, आणि परतल्यावर सासऱ्यांनी टिकूचा फोटो झाला एवढंच सांगितलं होतं. तिनं माझ्या हातातल्या फोटोंच्या पाकिटाकडे पाहिलं, भूमीकडे पाहिलं आणि चहाचा कप जमिनीवर ठेवला. मी काही न बोलताच ती समजली. तरी मी बोललो. तोच आजार भूमीला आहे, सौम्य आहे म्हणून दिसला नाही. आणि तो ठिपका भूमीच्या डोक्यात आहे. बावीस वर्षांत मी कोणाला अहवाल तोंडानं सांगितला नव्हता, ते डॉक्टरांचं काम. त्या दिवशी कळलं, ते का पगार जास्त घेतात.

फागूजींनी अडकित्ता बाजूला ठेवला. त्यांचा चेहराच बदलला. "मायामुळं झालं," ते म्हणाले. "बिमारी टिकूच्या नावाची. मी भूमीले टिकूच्या नावावर निजवलं, तं तिले लागली. साहेब, असं करा. आता टिकूले भूमीच्या नावावर निजवा. गाठ वापस जाईन."

"मामाजी!" सरिता ओरडली. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि त्यांच्यापुढे तिचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नव्हता. "वापस मंजे कुठं? टिकूच्या डोस्क्यात? कोनत्या पोरीच्या डोस्क्यात पायजे तुमाले गाठ, ते सांगा ना!"

म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्यांच्याजवळ खाटेवर बसलो. पण ते ऐकेनात. टिकूचा आजार भूमीच्या डोक्यातून कापून काढायला ते तयार नव्हते. मग मला त्यांचीच एक तक्रार आठवली. त्यांचं एक शेत सातबाऱ्यावर चुकून चुलतभावाच्या नावानं लागलं होतं, ते दुरुस्त करायला दहा वर्षं गेली होती.

"फागूजी, त्या दहा वर्षांत धान कोणाच्या शेतात पिकलं?"

"माह्याच."

"कागदावर तर भावाचं नाव होतं. शेत उठून त्याच्याकडे गेलं का?"

"शेत कसं उठून जाईन?"

"तसंच हे आहे. नाव मी चुकीचं लिहिलं. गाठ आहे तिथंच होती, तुम्ही न्यायच्या आधीपासून. उलट तुम्ही भूमीला आणलं नसतं तर ती दिसलीच नसती."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "मंग भूमीचा फोटो भूमीच्या नावानं काढा. मी पाहीन."

भूमीचा फोटो भूमीच्या नावानं निघाला. तुरीचा दाणा तिथेच होता. मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते आधी ऐकायलाच तयार होईनात, कारण आजारात झालेली सुधारणा त्यांनी एका परिषदेत सांगायचं ठरवलं होतं. "म्हणजे सुधारणा नाही?" "नाही सर, बहीण आहे."

योजनेच्या बाबूनं तर कहर केला. म्हणाला, मंजुरी टिकेश्वरीची आहे, पेशंट बदलता येत नाही. आजार बदलता येतो, ऑपरेशन बदलता येतं, पेशंट नाही. पेशंट वारल्यास नाव कमी करण्याचा रकाना होता, पेशंट दुसराच निघाल्यास काय करायचं त्याचा नव्हता. सरिता त्याच्या टेबलासमोर दोन्ही पोरी घेऊन बसली. म्हणाली, "या दोगी इथंच राहतीन. कोनती कापाची ते तुमी ठरवा आनि कागदावर लिहून द्या." नवीन मंजुरी तिसऱ्या दिवशी निघाली.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं, फक्त पोरगी बरोबर होती. गाठ पूर्ण निघाली. लवकर सापडली म्हणून निघाली, असं डॉक्टर म्हणाले. फागूजींनी घरात पुन्हा अंबाडी सुरू केली.

पण माझ्या जिवाला घोर होता तो टिकूचा. तिच्या डोक्यात काय चाललंय हे दोन वर्षं कोणीच पाहिलं नव्हतं. ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप, तिचाच फोटो नव्हता. नागपूरला भूल देऊन करू म्हटलं तर सरिता हात जोडायची. एका पोरीचे निळे ओठ आणि दुसरीचं बांधलेलं डोकं पाहिलेल्या बाईला मी कोणत्या तोंडानं आग्रह करणार! मी रोज मनात हिशेब करायचो, तिकडे दाणा असला तर आता केवढा झाला असेल.

वर्ष गेलं. माझ्या निवृत्तीला आठवडा राहिला होता आणि भूमीच्या तपासणीची तारीख आली. सगळं घर आलं. भूमीचे केस वाढले होते, कानामागे व्रण दिसत होता. मी दारात लोखंड विचारलं. फागूजींनी मान वर करून अडकित्ता काढून टेबलावर ठेवला, मग चुन्याची डबी, किल्ल्या, आणि बंडीची एक पिन. मी नाव पुकारलं, "भूमेश्वरी!"

भूमी उठली नाही. तिनं आईचा पदर घट्ट धरला. जिला डर लागत नव्हती, ती ऑपरेशननंतर पांढऱ्या कोटाला घाबरायला लागली होती. सरिता समजावू लागली, फागूजी समजावू लागले, भूमी हुंदके देऊन रडू लागली. न हलणाऱ्या पोरीबद्दल मी काही बोलायचं नाही, अशी शपथ घेतली होती.

तेवढ्यात बाकावरून टिकू उठली. अकरा वर्षांची, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत माझ्याजवळ आली.

"भूमीले डर लागते," ती तिच्या संथ आवाजात म्हणाली. "मी जातो."

मी फागूजींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरितानं डोळ्यांनीच मला विनवलं, हो म्हणा. मी म्हटलं, "ये बेटा. पण हलायचं नाही."

"भूमी हालली होती का?"

"नाही."

"मंग मी बी नाही हालत."

मी तिला टेबलावर निजवलं. पिंजरा बसवला, स्पंज एकही लागला नाही. मशीननं ठोका दिला. मी काचेमागून बघत होतो, बटणावर बोट ठेवून, आता उठेल, आता किंचाळेल. तिच्या हाताच्या मुठी आवळल्या होत्या, पायाचा अंगठा ताठ झाला होता. पण डोकं हललं नाही. पंचवीस मिनिटं! माझ्या उभ्या नोकरीत एवढं स्तब्ध कोणी झोपलं नाही. पडद्यावर एकेक पट्टी उमटत गेली. जुना बिघाड होता तसा होता. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. दाणा नव्हता. कुठेच नव्हता. नागपूरचा अहवालही संध्याकाळी तेच म्हणाला, पण मी काही संध्याकाळपर्यंत थांबलो नाही. मी खुर्चीत बसून रडून घेतलं. सेठजी काचेबाहेरून विचारत होते, "क्या हुआ? मशीन बंद पड़ा क्या?"

रजिस्टरमध्ये मी नाव लिहिलं, टिकेश्वरी. दोनदा वाचून पाहिलं.

बहीण धडधाकट बाहेर आलेली पाहून भूमीही मग आत गेली. तिचाही फोटो साफ आला. पण ते नंतर. टिकूला मी टेबलावरून उतरवत होतो तेव्हा ती घामानं चिंब झाली होती, ओठ पांढरे पडले होते. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "भूमीचा फोटो चांगला आला का?"

"आला बेटा," मी म्हटलं. "एकदम चांगला आला."